केकच्या साली आणि आत्याबाईंची फोडणी

केक खाताना मधेच एक चिवट, गोड, किंचित कडवट फोड दाताखाली येते. पुष्कळ लोक ती जिभेनं बाजूला सारतात आणि बशीच्या कडेला ठेवून देतात. असे लोक माझ्या डोक्यात कायमचे राहतात. ती फोड म्हणजे लिंबाच्या जातीतल्या एखाद्या फळाची साल, आणि तसल्या साली साखरेत मुरवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. दौंडच्या रेल्वे कॉलनीत नाताळाला जे केक भाजले जात, त्यांतली बहुतेक साल माझ्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमधून जायची. केक कुणाचा, याची चर्चा व्हायची. साल कुणाची, हे कुणी विचारत नसे. म्हणून आज मी सांगणार आहे.

सगळ्यांत उत्तम साल महाळुंगाची. महाळुंग म्हणजे लिंबाचा थोरला, बेढब भाऊ. अंगावर गाठी, आत रस नावालाच, साल मात्र बोटभर जाड. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात तेवढं ते शोभतं. बाजारात त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. आम्ही ते अर्धं चिरायचो, आतला गर काढून टाकायचो आणि वाट्यांसारख्या साली मिठाच्या पाण्यात घालून मोठ्या बरण्यांत ठेवायचो. मिठात पडून पडून सालीचा माज उतरतो. मग ती धुवायची, पाणी बदलत उकडायची, आणि काडी सहज आरपार गेली की पातळ पाकात सोडायची. दुसऱ्या दिवशी साली उपसायच्या, पाक थोडा आटवायचा, पुन्हा ओतायचा. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घाई करून पहिल्याच दिवशी दाट पाक दिला, तर साल आक्रसून चपलेच्या तळासारखी होते. शेवटी सुपात पातळ कापडाखाली वाळवायच्या. एवढंच. ऐकायला सोपं वाटतं, म्हणून माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांनी चपलांचे तळ तयार केले.

हे मला शिकवलं शेजारच्या रोझी आंटींनी. त्यांचे यजमान मेल गाडीचे ड्रायव्हर होते. ते गेल्यावरही आंटी कॉलनीतच मुलीकडे राहत होत्या. त्यांचं मराठी त्यांच्या केकसारखंच होतं, हाताला लागेल ते सगळं घातलेलं. "साखरला घाई नाय करायचा, बाय," त्या म्हणायच्या. "आज थोडा, उद्या थोडा. एकदम दिला तर साल रुसून बसतो."

तेव्हा साखर कार्डावर मिळायची. म्हणून रीत अशी पडली की साखर आणि बरणी ज्याची त्यानं आणायची, फळ आणि हात माझे. बरण्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीच्या बरणीला मी वेगवेगळ्या जुन्या साडीच्या काठाची चिंधी बांधायची. मिसेस अमकी म्हणजे हिरवा काठ, मिसेस तमकी म्हणजे जांभळा. काही बायकांना मी आजही काठानंच ओळखते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. सर्वांत वरचं गिऱ्हाईक म्हणजे बंगल्यातल्या बाई. गोरा साहेब गेला आणि त्याच्या बंगल्यात पुण्याचे साहेब आले. त्यांना बंगल्याबरोबर माळी मिळाला, पंखे मिळाले, आणि नाताळाला स्टाफला केक वाटण्याची पद्धतही मिळाली. बाईंचं घर कडक शाकाहारी. स्वयंपाकघरात कांदासुद्धा बिचकत यायचा. पण केकला अंडं लागतं. तेव्हा रोझी आंटींच्या कोंबड्यांची अंडी माझ्या टोपलीत, वर साली, वर फडकं, अशा बंदोबस्तात बंगल्यावर जायची. "केक अगदी शुद्ध हो," बाई स्टाफच्या बायकांना सांगायच्या. "साल घातली की अंड्याची गरजच पडत नाही." माझ्या सालीचं एवढं कौतुक दुसऱ्या कुणी केलं नाही.

दुसरं गिऱ्हाईक शिरूरचे एक वैद्यबुवा. गाडी पकडायला दौंडला आले असता त्यांना माझ्या साली चाखायला मिळाल्या. तेव्हापासून दर महिन्याला न्यायचे, बारीक चिरायचे, वर सुंठीची पूड भुरभुरायचे आणि कागदाच्या पुड्या बांधून पाचक म्हणून विकायचे. माल कुठला हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. कारण शिरूर माझं सासर.

आणि सासरचं मत असं होतं की रावसाहेबांची सून दौंडात साली शिजवते.

रावसाहेब म्हणजे माझे सासरे. नावाचेच रावसाहेब, पण नाव त्यांनी मनावर घेतलं होतं. मळा, दोन म्हशी, सोसायटीच्या कमिटीत खुर्ची. एका दिवाळीला आम्ही शिरूरला गेलो होतो. फराळ चालू असताना मामंजींनी विषय काढला.

"गार्डाची बायकू लोकाच्या साली शिजवती, हे बरं दिसतं का?"

आमचे गार्डसाहेब, म्हणजे माझे यजमान, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसत. हिरवा झेंडा दाखवणं हे त्यांचं काम, आणि घरीही ते दोन्ही बाजूंना तोच दाखवायचे. त्यांनी चकली उचलली.

"लोकांच्या नाहीत, मामंजी," मी म्हटलं. "फळं आणते मी. गिऱ्हाइकं आहेत माझी."

"गिऱ्हाइकं." मामंजींनी तो शब्द लाडवातल्या खड्यासारखा बाहेर काढला. "बरं. मंग असं कर. ह्या नाताळात एक बी बाई तुझ्या दारात भांडाया आली न्हाई, तर ऱ्हा तिथं जल्मभर. एक जरी आली, तर त्याच दिशी भांडी बांध आन् हितं म्हशी बघाया ये. ह्यो गडी काय, रेल्वेवाल्यांच्या रनिंग रूममधी जेवंल."

"आणि आली की नाही ते कोण बघणार?"

"तुझी सासू बघंल. तिला धाडतो संगं."

"मला इचारलंत व्हय?" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आतून म्हणाल्या.

"त्यात काय इचारायचं?"

म्हशींबद्दल माझा काही आकस नाही. पण त्या दोन खोल्या माझ्या होत्या. खिडकीपाशी माझी चूल होती, फळीवर माझ्या बरण्या होत्या, आणि नाताळाच्या आधी कॉलनीतल्या बायका माझ्या दाराशी येऊन, "इंदूबाई, आमचं झालं का हो?" असं अदबीनं विचारायच्या. शिरूरला मला "अगं ए" यापलीकडे नाव नव्हतं. मी अट मान्य केली.

आत्याबाई आल्या. खिडकीत मिश्री लावत बसल्या आणि पहारा सुरू झाला. दारात बाई दिसली की त्या मान पुढे काढून विचारायच्या, "भांडाया आलीस का गं?" बाई घाबरून नाही म्हणायची. साली चाखून बघा, असं मी दोनदा म्हटलं. "किरिस्तावाच्या केकातलं मला नगं," त्या म्हणाल्या, आणि मिश्रीचं बोट पुन्हा तोंडात.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या निमोण्याच्या. माहेरी मोठी बाग, मोठा राबता. पोरीबाळींना त्यांच्या आईनं एकच शिकवण दिलेली: काम अर्धवट दिसलं की पुरं करायचं. कुणाचं आहे हे विचारत बसायचं नाही.

एका सकाळी मी बंगल्याची अंडी आणि दोन रिकाम्या बरण्या आणायला आंटींकडे गेले. गप्पांत वेळ गेला. परत येताना क्वार्टरच्या कोपऱ्यावर हिंगाचा वास आला. कुणाच्या घरी लोणचं चाललंय बाई, असा विचार करत मी चालत होते. वास वाढत गेला. दार उघडलं तेव्हा तो माझ्याच घरातून येत होता, हे कळलं.

आत्याबाई पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात परात. परातीत माझी वर्षाची महाळुंगं, मिठाच्या पाण्यातून काढलेली, पुसलेली, फोडी केलेली. वर लाल तिखट, मोहरीची डाळ, मेथी. आणि कढईतून त्या हिंगाची फोडणी ओतत होत्या. मिठाच्या पाण्याच्या बरण्या धुऊन उपड्या घातलेल्या.

"आलीस?" त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर असं समाधान, जसं काही वाहत्या नळाची तोटी त्यांनी बंद केली होती. "मीठ लावून ठिवलंस आन् मसाला इसरलीस. कवापासनं बघतीया, ही आज घालंल, उद्या घालंल. नासलं असतं की समदं."

मी परातीजवळ खालीच बसले.

आता तुम्हीच सांगा, त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे फळ मिठात पडलं म्हणजे ते लोणच्याच्या वाटेला लागलं. त्याचा दुसरा काही विचार असू शकतो हे निमोण्यात कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. बाईनं मायेनं केलं होतं. मायेनं केलेल्या गोष्टीवर ओरडताही येत नाही, हेच तर मायेचं वाईट.

"आत्याबाई," मी म्हटलं, "हे केकसाठी होतं. साखरेत जाणार होतं."

त्यांनी कढई खाली ठेवली. "मिठात घालून मंग साखरंत?"

"हो."

"ह्ये कसलं खानं." मग त्यांच्या ध्यानात आलं. "आन् त्या बाया?"

"त्या येतील आता. भांडायला."

आत्याबाईंनी परात बाजूला सारली. मामंजींना काय सांगायचं, हा हिशेब त्यांच्या कपाळावर मला स्पष्ट दिसत होता. बाई भांडायला आली असं सांगायचं, तर का आली तेही सांगावं लागणार. आणि रावसाहेबांच्या घरात, उभ्या संसारात, आत्याबाईंच्या हातून स्वयंपाकात चूक झाल्याची एकही नोंद नव्हती. मामंजी ती संधी जन्मभर सोडणार नव्हते.

"एक बी बाई भांडाया येनार न्हाई," त्या म्हणाल्या. "म्या बसलीया न्हवं दारात."

कॉलनीत बातमीला झेंडा लागत नाही. दुपारी बंगल्यातल्या बाई स्वतः आल्या. एरवी त्या माळ्याला पाठवायच्या. रेशमी पदर, कपाळाला आठी.

"इंदूबाई, मी काय ऐकतेय? आमच्या सालींचं लोणचं झालं म्हणे? साहेबांनी डिव्हिजनच्या लोकांना बोलावलंय. मी काय लोणच्याचा केक करू?"

आजूबाजूच्या दारांत बायका उभ्या राहिल्या. मी तोंड उघडणार, तोच आत्याबाई उठल्या आणि आतून टोपली घेऊन आल्या. सकाळीच आंटींकडून आणलेली, बंगल्यावर जायची टोपली. त्यांनी फडकं काढलं.

"बाई, भांडन मागनं करू. आदी तुमची अंडी घ्या," त्या म्हणाल्या. निमोण्यात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बोलायचा आवाज तो. चाळीच्या शेवटच्या दारापर्यंत गेला. "मोजून घ्या. किती लागत्यात तुमच्या केकाला, मला काय ठावं?"

बाईंची आठी कपाळावरून उतरून कुठे गेली कळलं नाही. समोरच्या दारात क्लार्कची बायको उभी होती, जिला त्यांनी शुद्ध केकची कृती सांगितली होती.

"माझी नाहीत हो ती," बाई हळूच म्हणाल्या.

"मंग कुनाची? सून तर म्हनली, बंगल्यावर जायाची हायती."

"मी... मी नंतर येते. साली होतील तेव्हा होऊ देत. घाई नाही."

"भांडाया आला हुता का तुमी?" आत्याबाईंनी सरळ विचारलं. पहारेकऱ्याला नोंद करावी लागते.

"छे छे. सहज आले होते."

"सहज आल्या हुत्या," आत्याबाईंनी साऱ्या दारांना ऐकवलं आणि आत येऊन मला म्हणाल्या, "ऐकलंस न्हवं?"

हे त्यांनी निरागसपणे केलं की ठरवून, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी विचारलं तेव्हा त्यांनी मिश्रीचं बोट तोंडात घातलं.

पण बाईला परतवणं वेगळं आणि साली पुरवणं वेगळं. बाकीच्या बायकांची साखर माझ्या घरात पडून होती, चिंध्या बांधलेल्या बरण्या रांगेत रिकाम्या उभ्या होत्या. बाजारातल्या रसूलभाई बागवानाला मी निरोप धाडला. तो सायकल घेऊन दारात आला, परातीकडे पाहिलं आणि मोठ्या शहाणपणानं सरळ फळांवर आला.

"महाळुंग आता कुठं न्हाई भाभी," तो म्हणाला. "जेवढी हुती तेवढी तुमीच नेली. पपनस मिळंल. साल ह्याच्यापरीस जाड. पन तेबी निमोण्याला एकाच बागंत, आन् त्यो मालक लई ताठ. झाडाला हात लावू देत न्हाई."

"कोन मालक?" आत्याबाईंनी विचारलं.

रसूलभाईनं नाव सांगितलं.

"त्यो माझा भाऊ हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि पायात वहाणा घातल्या.

त्या एस.टी.नं निमोण्याला गेल्या. तिथं काय झालं ते मला त्यांच्याकडूनच कळलं, म्हणजे त्यात त्यांचा विजय थोडा जास्त असेल. आप्पा, त्यांचे भाऊ, म्हणाले की पपनस पाहुण्यांसाठी राखलेत, पुढारी यायचेत. आत्याबाई म्हणाल्या, गर पुढाऱ्यास्नी दे, साली मला दे. तिथंच ओसरीवर बसून त्यांनी बागेतले पपनस सोलून घेतले. त्या वर्षी निमोण्याला आलेल्या पुढाऱ्यांना सोललेले पपनस मिळाले आणि ताई किती करते आमच्यासाठी, असं आप्पा सगळ्यांना सांगत राहिले. सालींचं पोतं घेऊन आत्याबाई दौंडला उतरल्या तेव्हा गार्डसाहेब ड्युटीवरून आले होते. त्यांनी पोतं उचललं. हिरवा झेंडा.

पपनसाला मिठात ठेवायची गरज नसते. पाणी बदलून बदलून उकडलं की कडूपणा जातो. वेळेत बसणार होतं, पण एकटीच्या हातानं नाही. आत्याबाई चुलीपाशी बसल्या. पाक उपसणं, आटवणं, ओतणं. दुसऱ्या दिवशी त्या कुरकुरल्या, "एकदाच दाट करून टाक की." मी आंटींचं वाक्य सांगितलं. "साल रुसती व्हय?" त्या म्हणाल्या. "मंग माझ्यासारकीच हाय." आणि पुढे घाई केली नाही.

साली वाळत घातल्या, त्या सकाळी सुपातली एक तुटकी फोड त्यांनी सवयीनं तोंडात टाकली. चावता चावता थांबल्या.

"इंदे."

"काय आत्याबाई?"

"ह्ये तर वैद्यबुवाचं पाचक हाय."

मी पाण्याचा हंडा उचलायला वळले.

"तुझं सासरं रोज जेवल्यावर खात्यात. एक दिस न्हाई मिळालं तर पोट धरून बसत्यात." त्यांनी आणखी एक फोड घेतली, या खेपेला शाबूत. "सुंठ तेवढी न्हाई ह्यात."

"सुंठ वैद्यबुवांची," मी म्हटलं.

त्या इतक्या हसल्या की शेजारची बाई काय झालं बघायला आली. तिला त्यांनी काही सांगितलं नाही. मालाचा उगम गुप्त ठेवायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

नाताळ पार पडला. बंगल्यातला केक शुद्धच होता. मिठातल्या सालींसाठी कुणाची साखर वाया गेली नव्हती, आणि पपनसाची साल जास्त मऊ लागते असं काठाकाठानं येऊन बायकांनी सांगितलं. लोणच्याचा निकालही आत्याबाईंनीच लावला. जी बरणी न्यायला येईल, तिच्या हातात वाटीभर लोणचं. रोझी आंटींनी त्यातली फोड खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाल्या, "बाय, एवढी वर्षं तू हे लपवून ठेवला?" मला ते लागलं. पुढे मुलीबरोबर दौंड कायमचं सोडताना त्यांनी आठवणीसाठी काय नेलं असेल? माझ्या साली नव्हेत. आत्याबाईंचं लोणचं. शिष्येला गुरूकडून असा दाखला मिळावा, हे काही बरं नव्हे.

नाताळानंतर मामंजी स्वतः आले. चेहरा ओढलेला, एक हात पोटावर. त्या महिन्यात साऱ्या साली कॉलनीला गेल्यामुळे वैद्यबुवांची पुडी बंद होती. ते खुर्चीत टेकले आणि आत्याबाईंना म्हणाले, "काय? आली का कोन भांडाया?"

"एक बी न्हाई."

"बंगल्यावरची आली हुती म्हनं. मला समजतंय समदं."

"सहज आल्ती. दहा दारांनी ऐकलंय."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, गार्डसाहेबांकडे पाहिलं. "बरं. ऱ्हा म्हनं मंग हितं," ते म्हणाले, आणि आत्याबाईंना, "तू चल. म्हशी वराडत्यात."

"म्या न्हाई येत. फुडल्या साली महाळुंग किती भरायचं ते आत्ताच बघाया लागतं. हिला एकटीला जमंल व्हय?"

"अगं पन मला इचारलंस का?"

"त्यात काय इचारायचं?" आत्याबाई म्हणाल्या.

अशा रीतीनं मी माझ्या दोन खोल्या जिंकल्या आणि त्यांतली एक लगेच गमावली. खिडकीपाशी माझी चूल होती, तिथं आत्याबाई बसू लागल्या. दारात बायका येऊन अदबीनं विचारायच्या, "आत्याबाई, आमचं झालं का हो?"

त्या दिवशी मामंजींपुढे मी बशीत साली ठेवल्या. पोट दुखत होतं म्हणून असेल, त्यांनी किरिस्ताव वगैरे काढलं नाही. एक फोड खाल्ली. दुसरी खाल्ली. आत्याबाई आणि मी, दोघी भिंतीला टेकून बघत होतो. त्यांनी बशी पुसून काढली आणि बोटं चाटत निकाल दिला:

"लागतंय वैद्यबुवाच्या पाचकागत. पन त्यो गुन न्हाई ह्यात."

मी बोलणार होते. आत्याबाईंनी माझा हात दाबला.

त्यानंतर मामंजी होते तोवर मी त्यांच्यासाठी दौंडहून साली शिरूरला वैद्यबुवांकडे पाठवत राहिले, आणि प्रत्येक खेपेला आत्याबाई बजावायच्या, "त्यास्नी म्हनावं, पुडीतच बांधून द्या. बरनीतलं आमच्या मालकास्नी लागू पडत न्हाई."